एम.एड. स्पेशल करायचंय? आधी मुलं मोजा, मग फॉर्म भरा

बी.एड. स्पेशलचे, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायच्या पदवीचे, रिझल्ट लागले की मला ठरलेले मेसेज येतात. ताई पुढे एम.एड. करू का, कुठून करू, जॉब करता करता होईल का. एकेकाला उत्तर देऊन बोटं दुखली म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते. लांबलचक झालंय, पण चहा घेऊन बसा आणि वाचा.

पहिलं म्हणजे कशासाठी करताय ते ठरवा. तुम्हाला वर्गात मुलांनाच शिकवायचं असेल तर बी.एड. स्पेशल आणि आरसीआयचा, म्हणजे या क्षेत्राच्या कौन्सिलचा, नोंदणी नंबर एवढं पुरतं, एम.एड. झालं म्हणून कॉन्ट्रॅक्टवरच्या फिरत्या विशेष शिक्षकाचं मानधन काही वाढत नाही, त्या कागदावर बी.एड. आणि एम.एड. एकाच ओळीत बसतात. एम.एड. लागतं ते बी.एड. किंवा डी.एड. स्पेशलच्या कॉलेजात शिकवायला, रिसोर्स सेंटर चालवायला, पुढे पीएच.डी. करायला, किंवा पाच-सात वर्षं शिकवून झाल्यावर 'आपण हे जे करतोय त्याने खरंच काही होतंय का' हा किडा डोक्यात शिरला असेल तर. मी त्या शेवटच्या कारणाने गेले. 'लग्नाचं जमेपर्यंत काहीतरी' म्हणून आलेल्या दोघी होत्या आमच्या बॅचला, दुसऱ्या सेमला दोघी गायब.

आता हे समजून घ्या की दिव्यांगत्वावर मास्टर्स म्हणजे एकच रस्ता नाही. एम.एड. स्पेशल हा एक. वाचा-श्रवणाची बीएएसएलपी पदवी झालेल्यांना एमएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीचवाले, ते वेगळं खातं. रिहॅब सायकॉलॉजी वेगळी. आणि डिसॅबिलिटी स्टडीज किंवा त्यातलं सोशल वर्क हे तर पूर्ण वेगळ्या अंगाने जातं. स्पेशल एज्युकेशन विचारतं की या मुलाला पायऱ्या चढायला कसं शिकवू, डिसॅबिलिटी स्टडीज विचारतं की मुळात पायऱ्याच का ठेवल्यात. दादरच्या पुलावर व्हीलचेअर घेऊन एकदा उभे राहा, दुसरा प्रश्न आपोआप कळतो. दोन्ही शिकण्यासारखे आहेत, पण नोकरीच्या जाहिरातीत 'आरसीआय नोंदणीकृत' असं लिहिलेलं असेल तर नुसत्या डिसॅबिलिटी स्टडीजच्या एम.ए.वर तिथे भागत नाही, हे आधीच माहीत असू दे.

आरसीआयबद्दल जरा सविस्तर, कारण सगळं तिथेच अडतं. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, कायदा 1992 चा. कौन्सिलने मान्यता दिलेला कोर्स, मान्यता दिलेल्या संस्थेतून केला तरच सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमध्ये नाव चढतं आणि सीआरआर नंबर मिळतो. नोंदणी नसताना या क्षेत्रात प्रॅक्टिस केली तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं आहे. दंडाचा आकडा बघून हसू येतं पण कैद कैद असते. एम.एड.ला जायचं तर हातात बी.एड. स्पेशल हवं, किंवा जनरल बी.एड. आणि सोबत आरसीआय मान्य डिप्लोमा असा जोड, टक्केवारीची अट आहे, आणि नोंदणी चालू हवी. 'चालू' वर लक्ष द्या. नंबर कायमचा नसतो, रिन्यू करावा लागतो आणि त्यासाठी सीआरईचे पॉइंट जमवावे लागतात, म्हणजे ते मान्यताप्राप्त सेमिनार आणि वर्कशॉप. नंबर एक्स्पायर झालेला आणि ॲडमिशनची शेवटची तारीख चार दिवसांवर, असे फोन मला दोनदा आलेत. दोन्ही वेळा मी काहीच करू शकले नाही.

आणि मान्यता ही कॉलेजला सरसकट नसते. कोणत्या डिसॅबिलिटीसाठी, कोणत्या वर्षापर्यंत, किती सीट, असं सगळं त्यात असतं. एखाद्या कॉलेजला कर्णबधिर शाखेची मान्यता आहे आणि एलडीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची, संपलीय असं सर्रास होतं. कॉलेजच्या फ्लेक्सवर जाऊ नका, आरसीआयच्या वेबसाइटवर त्या वर्षाची यादी उघडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डिस्टन्सवाल्यांनी तर दोनदा बघा.

कॉलेजं कुठली म्हणाल तर मुंबईत पर्याय बरे आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, 1983 पासूनची, कर्णबधिर शिक्षणासाठी तिच्या तोडीचं आपल्याकडे दुसरं नाही असं माझं मत. चेंबूरला हशू अडवाणी कॉलेज, जुहूला एसएनडीटीचा विभाग. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबाद, दृष्टिदोषासाठी डेहराडून, बहुविकलांगांसाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडू, या सगळ्या राष्ट्रीय संस्था. वाचा-श्रवणवाल्यांचं माहेर म्हणजे मैसूरची आयश संस्था. राष्ट्रीय संस्थांच्या जाहिराती आणि प्रवेश परीक्षा आपापल्या वेगळ्या येतात, राज्याच्या सीईटी सेलच्या पोर्टलवर बसून त्यांची वाट बघू नका.

पण कॉलेजच्या नावापेक्षा मी दुसरंच काहीतरी बघायला सांगते, म्हणून तर हेडिंग तसं दिलंय. मुलं मोजा. म्हणजे अक्षरशः. कॉलेजला जोडून स्वतःची शाळा किंवा क्लिनिक आहे का, तिथे तुमच्या शाखेची किती मुलं रोज येतात, कुठल्या वयाची, आणि एम.एड.च्या किती जणांत ती वाटली जातात. आमच्या इथे एका शाळेवर बी.एड.चे लेसनवाले, डिप्लोमावाले, सायकॉलॉजीच्या इंटर्न आणि आम्ही एम.एड.वाले असे सगळे तुटून पडायचो. एक पोरगं तर आठवड्यात तीन वेगळ्या ताईंकडून तीच टेस्ट देऊन इतकं तरबेज झालं होतं की मी किट उघडायच्या आधीच त्याने मणी ओवायला घेतले. अशा मुलाच्या स्कोअरला काय अर्थ राहिला सांगा. ॲडमिशनच्या आधी एक दिवस सुट्टी काढून त्या कॉलेजात जा, सीनियरला कँटीनमध्ये गाठा आणि तीन गोष्टी विचारा. डेटासाठी मुलं कुठून आणलीस? गाइड किती दिवसांनी ड्राफ्ट परत देतात? प्रॅक्टिकमला, म्हणजे प्रत्यक्ष कामाला, बाहेर पाठवतात तेव्हा परवानगीचं पत्र कॉलेज देतं की तुलाच फिरावं लागलं? या तीन उत्तरांवर निर्णय घ्या, लायब्ररी एसी आहे की नाही त्यावर नको.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. बी.एड.च्या सगळ्या सेमच्या मार्कशीट, सीआरआर सर्टिफिकेट, टीसी, डोमिसाइल, कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेअर, गॅप असेल तर ॲफिडेव्हिट. स्वतः दिव्यांग असाल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहेत आणि वयातही 5 वर्षांची सूट आहे. हे कॉलेजच्या क्लार्कला माहीत नसण्याची शक्यता भरपूर, तेव्हा कलम 32 ची प्रिंट फोल्डरमध्ये ठेवा, भांडण न करता काम होतं.

एक नावाची भानगड सांगते, माझीच. बी.एड.च्या मार्कशीटवर माझ्या नावात एक एच जास्तीचा पडला, आधारवर तो नाही. मी म्हटलं जाऊ दे, एवढ्याने काय होतंय. नोंदणीचा अर्ज त्यावर लटकला, कॉलेज म्हणे युनिव्हर्सिटीकडे जा, युनिव्हर्सिटी म्हणे कॉलेजच्या लेटरहेडवर आणा, आणि या येरझाऱ्यांत एक अख्खं ॲडमिशनचं वर्ष गेलं. एका एचपायी. मार्कशीट हातात आली की आधी मार्क नाही, नाव बघा.

ॲडमिशन झाली असं धरू. पहिल्या वर्षाचे थिअरीचे पेपर होऊन जातात, त्यावर फार लिहीत नाही. फक्त कायद्यांची सनावळी नीट पाठ करा कारण व्हायवाला तिथूनच सुरुवात होते. 1995 चा कायदा, त्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार, 2016 च्या कायद्यात 21. नॅशनल ट्रस्टचा कायदा 1999. यूएनसीआरपीडीला, म्हणजे दिव्यांग हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला, भारताची मान्यता 2007 ला. आणि शब्द एकच धरा. जुन्या फाइलींत 'मतिमंद', 'अपंग' असतं, काही शाळांच्या पाट्यांवर अजून तेच आहे, आता 'बौद्धिक अक्षमता' आणि 'दिव्यांग' चालतं, काही कार्यकर्त्यांना दिव्यांग हा शब्दच पटत नाही. कुणाला काय पटतं ते असो, तुमच्या लघुप्रबंधात पान 3 वर एक आणि पान 40 वर दुसरं असं नको.

असेसमेंटच्या टूलबद्दल एवढंच की ते कुणी, कधी, कुणासाठी बनवलं ते बघितल्याशिवाय स्कोअर लिहू नका. व्हीएसएमएस, म्हणजे मुलाची सामाजिक परिपक्वता मोजायची श्रेणी, आपण सगळेच वापरतो, मूळ अमेरिकेतलं 1935 चं, भारतीय रूपांतर आपल्या नागपूरच्या मालिन यांचं. त्यातल्या 89 बाबींत अधूनमधून छोटी पत्रं लिहिणं हीसुद्धा एक आहे. आता सांगा, आज कुठलं धडधाकट पोर पत्र लिहितं? ते आयटम तुम्ही कसे स्कोअर केले ते एका वाक्यात लिहून ठेवा, परीक्षक खूश होतो, आणि खरंतर मुलावर अन्यायही होत नाही.

आता लघुप्रबंध, सगळे रडतात ते इथेच. आणि रडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, विषय आधी ठरवतात आणि मुलं नंतर शोधतात. 'स्वमग्न मुलींमधील अमुक कौशल्यांवर तमुक कार्यक्रमाचा परिणाम, नमुना 60'. अगं बाई, 60 मुली आणणार कुठून? जिल्ह्यात मिळायच्या नाहीत. मग शेवटी प्रश्नावली काढून जनरल शाळेतल्या शिक्षकांची 'समावेशित शिक्षणाविषयीची अभिवृत्ती' मोजतात. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर जाऊन बघा त्या विषयावर किती पडलंय ते. वाईट नाही, पण मुलांना हात न लावता स्पेशल एज्युकेशनची पदवी घेतल्यासारखं वाटतं मला.

त्यापेक्षा सिंगल सब्जेक्ट डिझाइन शिका. तीन मुलं पुरतात. मी केलं ते सांगते म्हणजे कळेल. आमच्या शाळेतली मोठ्या गटाची तीन मुलं, बौद्धिक अक्षमता, वय 13 ते 15, कौशल्य काय तर शाळेबाहेरच्या गाडीवरून एक वडापाव विकत घेणं. त्याचे 9 टप्पे पाडले. रांगेत उभं राहणं, मागणं, पाकीट काढणं, नोट निवडणं, देणं, सुट्टे मिळेपर्यंत थांबणं, सुट्टे ठेवणं, वडापाव घेणं, कागद डब्यात टाकणं. आधी काहीच न शिकवता रोज नुसतं बघायचं आणि 9 पैकी किती जमले ते लिहायचं, ही बेसलाइन. पहिल्या मुलाची रेघ 2, 2, 3, 2, 2 अशी सपाट आली की त्याला शिकवायला सुरुवात, बाकी दोघांची बेसलाइन चालूच ठेवायची. दुसऱ्याला आठव्या दिवसानंतर, तिसऱ्याला अकराव्यानंतर. असं का, तर तिघांना एकदम सुरू केलं आणि तिघं सुधारले तर ते तुमच्या शिकवण्याने की नवीन बाई आल्या म्हणून की घरी आईने शिकवलं म्हणून, काही सांगता येत नाही. पण ज्याला शिकवायला घेतलं त्याचीच रेघ चढली आणि उरलेल्यांची तिथेच राहिली, आणि हे तीनदा तसंच झालं, की मग तुमच्याकडे बोलायला जागा आहे. शेजारी दुसरं कुणीतरी उभं करून तिलाही वेगळं स्कोअर करायला सांगायचं. दोघींचे 9 पैकी 8 जुळले तर 89 टक्के, साधारण 80 च्या वर हवं.

हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नव्हतं ते गाडीवाले काका. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोराला बघून 'घे बाळा' म्हणत वडापाव हातात दिला, पैसे पण घेईनात. प्रेमाने हो, पण माझे टप्पे 2 ते 7 गायब. आठवडाभर डेटा असाच वाया गेला. शेवटी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काका तो मागेपर्यंत मनात पाच आकडे मोजा, मगच हात पुढे करा. ते मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. अख्खी रांग मोजायला लागली. ते बंद करायला आणखी दोन दिवस. पण नंतर ते असे तयार झाले की मी नसतानाही थांबायचे, आणि हे मी प्रकरण तीनमध्ये 'टाइम डिले' म्हणून लिहिलं तेव्हा गाइड म्हणाल्या की काकांना ट्रेनिंग दिलं तेही लिही, तोच भाग चांगलाय. तेव्हा पायलटचा, म्हणजे आधी करून बघायचा, आठवडा ठेवाच. आपल्या हातात नसलेली माणसं त्या आठवड्यात समोर येतात.

कॅलेंडरचं लक्षात ठेवा. शाळा जूनच्या मध्यात उघडते, पहिला महिना मुलं बसायला लागण्यात जातो. जुलै ते गणपतीपर्यंत काम होतं. मग गणपती, सहामाही, दिवाळी. नोव्हेंबरच्या शेवटापासून 3 डिसेंबरपर्यंत कुठल्याही विशेष शाळेत पाय ठेवू नका, जागतिक दिव्यांग दिनाच्या डान्सची प्रॅक्टिस चालू असते, कुठलीही बाई तुम्हाला मूल देणार नाही आणि दिलंच तर ते लेझीमच्या तालातच येईल. मग क्रीडास्पर्धा, गॅदरिंग. जानेवारी-फेब्रुवारी पुन्हा मिळतात. म्हणजे वर्षात खरे मोजून चार-साडेचार महिने, त्यात बसेल एवढाच विषय घ्या.

परवानगीही योग्य दारात मागा. विशेष शाळा शिक्षण खात्याखाली नाहीत, त्या आधी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, 2022 च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. जनरल शाळेतल्या समावेशित मुलांवर काम असेल तर मात्र शिक्षणाधिकारी. शिवाय संस्थाचालक आणि मुख्याध्यापक. आणि पालकांचं संमतीपत्र सोप्या मराठीत करा, 'सदर संशोधनांतर्गत' वगैरे नको. एका आईने माझा फॉर्म उलटसुलट केला आणि म्हणाली, सही करते बाई, पण यात लिहिलंय काय ते सांग. मी सांगायला लागले तर लक्षात आलं, मलाच एका वाक्यात सांगता येत नाहीये. घरी येऊन फॉर्म परत लिहिला, अर्ध्या पानात बसला. आणि मुलालाही विचारा. तो नाही म्हणाला, मान फिरवली, तर त्या दिवशीचं सेशन रद्द.

स्टॅटिस्टिक्ससाठी प्रत्येक कॉलेजच्या आसपास एक एसपीएसएस (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) चालवणारा माणूस असतो, पैसे घेतो आणि टेबलं काढून देतो. तीन मुलांवर टी-टेस्ट लावून देणारे पण बघितलेत मी. लागत नाही ती. ग्राफ काढा, रेघेची पातळी, चढ आणि चढउतार शब्दांत लिहा, एवढं स्वतःचं स्वतःला येतं. कॉपी-पेस्टचं सांगायला नको, यूजीसीच्या 2018 च्या नियमाने 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर गेलं की परत लिहायला लागतं.

अजून एक, हे फार जण विसरतात. आपल्या कोर्सला दृष्टिहीन विद्यार्थी हमखास असतात. नोट्स शेअर करताना फोटो काढलेली पीडीएफ टाकू नका, आणि ते जुने युनिकोड नसलेले फॉन्ट तर अजिबात नको, एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातलं मराठी वाचतं ते ऐका एकदा, नुसती खिचडी. युनिकोडमध्ये टाइप करा. दृष्टिदोष शाखेच्या वर्गात ब्रेलचे सहा टिंब शिकवून झाल्यावर झेरॉक्सचे गठ्ठे वाटताना मी बघितलेत, काय बोलणार.

परदेशाचं विचारणाऱ्यांसाठी थोडंसं. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा 1975 पासून कायदा आहे, आयईपी (प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) हा शब्द आपण तिथूनच उचलला, त्यामुळे कोर्सेस भरपूर आणि चांगले आहेत. पण शिकवायचं लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं, आणि फेडरल ग्रँटवरची फी माफी तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना असते, आपल्याला नाही. आपण युनिव्हर्सिटीच्या असिस्टंटशिपकडे बघायचं. प्रोफेसरला मेल करताना 'आय लव्ह स्पेशल चिल्ड्रन' लिहू नका, तुम्ही किती वर्षं कुठल्या वयाच्या कुठल्या मुलांना काय शिकवलं ते लिहा.

नोकऱ्यांचं चित्र हलतंय, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये जनरल शाळांत विशेष शिक्षकांची पदं काढायला सांगितली, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मागे एक. राज्यं आपापल्या वेगाने चाललीत, तो वेग तुम्हाला माहीतच आहे. प्रोफेसर व्हायचं असेल तर एम.एड. चालू असतानाच एज्युकेशन विषयातून नेट ही पात्रता परीक्षा देऊन ठेवा, नंतर अभ्यासाला बसायचं जिवावर येतं.

आणि एम.एड.चा रिझल्ट लागला की पेढे वाटा पण त्याच आठवड्यात आरसीआयच्या पोर्टलवर जाऊन ॲडिशनल क्वालिफिकेशनचा अर्ज टाका, नाहीतर रजिस्टरमध्ये तुम्ही बी.एड.च राहता. अर्जाआधी मार्कशीट उजेडात धरून नाव वाचा, एकेक अक्षर. आईचं नाव पण.